सल्ला सदर: सरकारी ठेकेदार व्हायचंय, पण कोणाच्या नावाने?

पत्र: आम्ही दोघे भाऊ इंदूरला सुदामानगरात राहतो. थोरल्या भावाच्या नावाने प्रोप्रायटरी फर्म आहे. अकरा वर्षं रंगकाम, वॉटरप्रूफिंग आणि किरकोळ सिव्हिल दुरुस्ती करतो. बहुतेक कामं घरांची, थोडी सोसायट्यांची, दोन-तीन शाळा आणि सांवेर रोडवरचे काही कारखाने. वर्षाची उलाढाल ७० लाखांच्या आसपास, जीएसटी नियमित भरतो, मजूर १२ ते १५. आता नगर निगम, सरकारी शाळा, क्वार्टर्स अशी कामं घ्यायची आहेत. एक एजंट ३५ हजारांत ‘गव्हर्नमेंट कॉन्ट्रॅक्टर लायसन्स’चं पूर्ण पॅकेज देतो म्हणतो. उद्यम सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) असलं की धरोहर राशी, म्हणजे निविदेबरोबरचा बयाणा, भरावीच लागत नाही, असंही त्याचं म्हणणं. घरची मंडळी म्हणतात, आधी दोघांची भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड करा, मग पुढचं. सुरुवात कुठून करावी आणि हाताशी किती पैसा हवा?

उत्तर: घरच्यांच्या प्रश्नापासून सुरू करू, कारण बाकी सगळं त्यावर बसतं. फर्म आत्ता बदलू नका.

भागीदारी केली की नवा पॅन येतो, नवा जीएसटी क्रमांक येतो, नवं उद्यम येतं. टेंडरच्या भाषेत ती आज जन्मलेली संस्था ठरते. अकरा वर्षांचं काम, तीन वर्षांचे ताळेबंद, आयकर विवरणं, सगळं थोरल्या भावाच्या पॅनवर आहे. नवी फर्म तो अनुभव आपला म्हणून दाखवू शकेल की नाही, हे त्या त्या निविदेच्या अटींवर आणि तपासणाऱ्या समितीवर अवलंबून राहतं, आणि शंका आली की समिती नापास करण्याकडेच झुकते. तुमच्याकडे भांडवल म्हणून जे खरंखुरं आहे ते हेच जुनं रेकॉर्ड. ते पहिल्याच दिवशी कशाला सोडायचं?

तेव्हा निविदा थोरल्या भावाच्या फर्मनेच भराव्यात. धाकट्याने साइट, मोजमाप आणि कार्यालयातली ये-जा सांभाळावी, त्यासाठी नोटरी केलेलं अधिकारपत्र पुरतं. पुढे दोन-तीन सरकारी कामं पूर्ण झाली आणि कामाचा आकार वाढला की भागीदारीचा विचार करा. तेव्हाही भागीदारीपत्रात ‘अमुक प्रोप्रायटरी फर्मचा संपूर्ण व्यवसाय, मालमत्ता व देणी या फर्मने घेतली’ असं स्पष्ट कलम हवं आणि फर्म रजिस्ट्रारकडे नोंदलेलीच हवी. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला हक्क मागायला कोर्टात दावा लावता येत नाही. बिल अडकलं तर हात बांधलेले.

एक धोका मात्र या सल्ल्यात आहे. प्रोप्रायटरी म्हणजे माणूस हीच फर्म. भावाला काही झालं तर पंजीयनही (विभागाकडची ठेकेदार म्हणून नोंदणी) तिथेच थांबतं. म्हणून कायमचं प्रोप्रायटरी राहा, असं आम्ही म्हणत नाही. आधी रेकॉर्ड वापरून घ्या, एवढंच.

आता ते रेकॉर्ड खरंच दाखवण्याजोगं आहे का, ते बघू. केंद्राच्या कामांत एक सूत्र वर्षानुवर्षं चालत आलंय आणि राज्याच्या अनेक निविदांतही त्याचंच रूप दिसतं. गेल्या ७ वर्षांत अंदाजपत्रकी किमतीच्या ४० टक्के रकमेची तीन सारखी कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन (केंद्रीय लोकनिर्माण विभाग इथे ६० टक्के मागतो), किंवा ८० टक्क्यांचं एक. शिवाय तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. म्हणजे २० लाखांच्या रंगकामाला ८-८ लाखांची तीन, १० लाखांची दोन किंवा १६ लाखांचं एक काम झालेलं हवं. उलाढाल फक्त ६ लाख लागते, तिथे तुम्ही कधीच पास. अडणार आहात ते ‘सारखं काम’ सिद्ध करताना.

कारण खाजगी कामाचा पुरावा म्हणून नुसतं ग्राहकाचं पत्र चालत नाही. वर्क ऑर्डर, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि त्या पैशावर कापलेला टीडीएस, ही तिन्ही एकमेकांशी जुळावी लागतात. टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-उताऱ्यात, दिसतो, म्हणून तो सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. घरमालक साधारणपणे टीडीएस कापत नाहीत, तेव्हा सुदामानगर-वैशालीनगरातले रंगवलेले शंभर बंगले या हिशेबात जवळपास शून्य. सोसायटी, शाळा चालवणारा ट्रस्ट आणि कारखाना यांची कामं मात्र सोन्यासारखी. या आठवड्यात गेल्या सात वर्षांचे २६एएस काढा, टीडीएस कापणाऱ्या ग्राहकांची यादी करा आणि त्यांच्याकडून दाखले मागा. दाखल्यात कामाचं नाव, वर्क ऑर्डरचा क्रमांक व तारीख, कामाची अंतिम रक्कम, सुरू झाल्याची व पूर्ण झाल्याची तारीख आणि ‘काम समाधानकारक’ हे शब्द असू द्या. ‘आमच्याकडे यांनी बरीच कामं केली आहेत’ असा मायाळू मजकूर टेंडरमध्ये कुचकामी असतो.

यापुढे सोसायटीचं काम घेताना कागद आधी, ब्रश नंतर. आणि एका गच्चीचं ९ लाखांचं काम ग्राहकाच्या सोयीसाठी तीन बिलांत, तीन वर्क ऑर्डरींत तोडू नका. तुकडे झाले की ८ लाखांचं काम म्हणून ते दाखवता येत नाही.

दुसरी पायरी नावाची. मराठी घरांत ही गोची फार होते. वडिलांचं नाव मध्ये लिहायची आपली रीत, इथल्या शाळा-कार्यालयांतल्या कागदांवर मात्र नुसतं नाव-आडनाव. मग पॅनवर तीन शब्द, आधारवर दोन, बँकेत आद्याक्षर, आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ जास्त. उद्यमचं पोर्टल पॅन आणि आधार पडताळतं, डिजिटल सहीचं प्रमाणपत्रही पॅन-आधारवरूनच निघतं, आणि बँक गॅरंटी खात्यावरच्या नावाने येते. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता होईपर्यंत पुढचा अर्ज करू नका. फर्मचं नावही तसंच, ‘पेंटर्स’ की ‘पेंटिंग वर्क्स’ हे जीएसटीवर जसं आहे तसंच शिक्क्यावर, लेटरहेडवर आणि बँक खात्यावर. दुरुस्तीला महिना जाईल. जाऊ द्या, त्या महिन्यात दाखले गोळा होतील.

‘गव्हर्नमेंट कॉन्ट्रॅक्टर लायसन्स’ नावाची एक वस्तू अस्तित्वात नाही. वेगवेगळ्या नोंदण्या असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं. पॅन, जीएसटी, उद्यम यांनी तुमचा धंदा आहे हे सिद्ध होतं. डिजिटल सही आणि पोर्टलवरचं लॉगिन यांनी निविदा भरता येते. विभागाच्या पंजीयनाने त्या विभागाचं काम घ्यायची पात्रता येते. शिवाय कामगार कायद्याखालची नोंदणी आहेच. तुम्ही मजूर १२ ते १५ लिहिलेत, म्हणजे १० ची रेषा ओलांडलीये, तिथून ईएसआय (कामगार विमा) लागू होतं. पीएफची रेषा २० ची आहे, पण बऱ्याच निविदा पात्रतेतच पीएफ कोड मागतात, म्हणून स्वेच्छेने घेऊन ठेवलेला बरा. श्रम सुविधा पोर्टलवर दोन्ही होतात. ईएसआयची जबाबदारी आजही तुमच्यावर असणार, सरकारी काम घ्या किंवा न घ्या. सीएंना हे आधी विचारा.

मध्य प्रदेशात बांधकामाच्या कामांसाठी लोकनिर्माण विभागाचं केंद्रीकृत पंजीयन आहे. त्याच पंजीयनावर राज्याचे इतर बांधकाम विभागही निविदा घेतात, त्यामुळे प्रत्येक दारात वेगळी पाटी लावावी लागत नाही. नगर निगम असो वा विकास प्राधिकरण, निविदा सूचनेत ‘लोक निर्माण विभाग में पंजीकृत’ हे शब्द शोधा आणि पंजीयन निविदा भरताना हवंय की करार करण्यापूर्वी, ते वाचा. दोन्ही प्रकार आढळतात. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क पोर्टल दाखवेल तेवढंच भरा.

केंद्राची दारं मात्र खरंच वेगळी आहेत. महूला लष्कराचं काम म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, त्यांची स्वतःची यादी आणि वर्ग. केंद्रीय लोकनिर्माण विभागाचीही स्वतःची. रेल्वेची कामं रतलाम मंडळाकडून, त्यांच्या स्वतंत्र ई-खरेदी पोर्टलवर. ही सगळी दारं पहिल्याच वर्षी ठोठावण्यात अर्थ नाही. जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल वस्तू आणि सेवांचं आहे, बांधकामाच्या ठेक्यांचं नाही. तुमच्या रंगकामाच्या निविदा बहुतांशी एमपी टेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, दिसतील. एजंटच्या पॅकेजमध्ये जेम असेल तर ते तुम्हाला फारसं कामाचं नाही.

उद्यमचं बोलू. नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, पूर्ण मोफत, आधारच्या ओटीपीवर वीस मिनिटांत होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं खूप आहेत, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ नसेल तर बाहेर पडा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादांप्रमाणे १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक म्हणजे सूक्ष्म उद्योग, तेव्हा तुम्ही आरामात त्यात. व्यवसायाचा कोड निवडताना ४३३० हा, इमारतींच्या फिनिशिंगच्या कामांचा गट घ्या. कोणी ४५, ४६, ४७ ने सुरू होणारा व्यापाराचा कोड टाकून दिला तर सरकारी खरेदीतल्या सवलती जातात, व्यापाऱ्यांना त्या नाहीत.

आणि एजंटचा दावा. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते हे खरं. सरकारी खरेदी धोरण २०१२ चं आहे. केंद्रीय मंत्रालयं आणि उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के या उद्योगांकडून घ्यायची, त्यातही ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. पण ते धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. रंगकाम, वॉटरप्रूफिंग, दुरुस्ती हे ‘वर्क्स’, कामांचे ठेके, त्यांना ही सूट लागू होत नाही. शिवाय ते धोरण केंद्राचं, इंदूर नगर निगम त्याखाली येत नाही. उद्यम जोडून बयाण्याच्या जागी शून्य लिहिलेली निविदा तांत्रिक लिफाफा (दर सोडून पात्रतेच्या कागदांचा भाग) उघडताच बाद होते, आणि ‘एजंटने सांगितलं होतं’ हे कारण कुठे नोंदवायची सोय नसते. निविदेतच सूट लिहिली असेल तर घ्या, नसेल तर धरोहर राशी भरा.

डिजिटल सही क्लास ३ ची घ्या, १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ बंदच झालीये. सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली, दोन वर्षांची, यूएसबी टोकनमध्ये. नाव भावाचं, मोबाईल भावाचा, ईमेल फर्मचा आणि पासवर्ड तुमच्या दोघांत. आमचा सगळ्यात ठाम सल्ला इथे आहे. टोकन एजंटकडे ठेवायला देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नुसार खाजगी की स्वतःच्या ताब्यात सांभाळणं ही सहीच्या मालकाची जबाबदारी आहे. त्या टोकनने भरलेली प्रत्येक निविदा तुमच्या सहीची. नको असलेल्या कामाला तुमच्या नावाने दर गेला आणि तो सगळ्यात कमी निघाला, तर माघारीला बयाणा जप्त आणि फर्म प्रतिबंधित यादीत. तसंच पोर्टलवर एजंटने स्वतःचा मोबाईल-ईमेल घातला की पुढे त्याच्याशी बिनसल्यावर लॉगिन परत मिळवताना दमछाक होते. एक टोकन एकाच लॉगिनशी जोडलं जातं, तेव्हा दुसरं खातं उघडून सुटकाही नाही.

निविदा भरताना चुका कुठे होतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण दरात हरलेल्यापेक्षा कागदात हरलेले जास्त असतात.

पोर्टलवर वर उजवीकडे चालणारं घड्याळ सर्व्हरचं असतं, वेळ त्याचीच. शेवटच्या दिवशी दुपारी फाइल चढवायला बसू नका. बयाणा एनईएफटीने भरायचा असेल तर पोर्टल त्या निविदेपुरतं चलन काढून देतं. त्यातला खाते क्रमांक आणि रक्कम पैशापर्यंत तंतोतंत हवी, आणि पैसे एक दिवस आधी गेलेले हवेत. बँकेतल्या कारकुनाने रक्कम गोल केली की पैसे परत येतात आणि तोवर मुदत संपलेली असते.

दर भरायची एक्सेल फाइल, बीओक्यू, पोर्टलवरून उतरवली त्याच नावाने परत चढवायची. नाव बदललं, ‘कॉपी’ किंवा ‘(१)’ जोडलं गेलं, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सेव्ह केली, की पोर्टल ती घेत नाही. शुद्धिपत्रक निघून बीओक्यू बदलली असेल तर नवीच फाइल लागते, म्हणून भरण्याच्या आदल्या रात्री ‘कोरिजेंडम’ पुन्हा बघा. टक्केवारीच्या निविदेत, म्हणजे एसओआरपेक्षा (विभागाच्या दरसूचीपेक्षा) किती टक्के कमी-जास्त एवढंच लिहायचं असतं तिथे, एक छोटी यादी उघडते: ‘एक्सेस’ आणि ‘लेस’. १२ टक्के कमी करायचं आणि चुकून ‘एक्सेस’ निवडलेलं राहिलं, तर एका क्लिकने २४ टक्क्यांचा फरक. अंकांखाली अक्षरी रक्कम दिसते, ती मोठ्याने वाचा. हसू नका, ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते.

तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही दराचा आकडा नको. सीएंचा उलाढालीचा दाखला यूडीआयएन, म्हणजे सीएंच्या दाखल्याच्या पडताळणी क्रमांकासह हवा, हे १ फेब्रुवारी २०१९ पासून बंधनकारक आहे. बँकेचा सॉल्व्हन्सी (आर्थिक पत) दाखला निविदेत सांगितलेल्या मुदतीतलाच लागतो, गेल्या वर्षीचा चालवून घेतील या भरवशावर राहू नका. शपथपत्राचा मसुदा निविदेत दिलाय तसाच टाइप करा, स्वतःची भाषा सुधारायला जाऊ नका. आणि सगळं चढवून झाल्यावर ‘फ्रीझ बिड’ दाबून पोचपावती निघाली पाहिजे. फ्रीझ न करता बाहेर पडलात तर निविदा भरलेलीच नाही. मुदतीच्या आत दर बदलून पुन्हा सादर करता येतो, पण ‘विथड्रॉ’ केलं की त्या निविदेत परत येता येत नाही. ही दोन बटणं एकच समजू नका.

आता पैसा. समजा १० लाखांचं काम, जीएसटी वेगळा. दोन टक्के धरोहर राशी म्हणजे २० हजार, काम मिळाल्यावर ५ टक्के परफॉर्मन्स गॅरंटी धरली तर ५० हजारांची एफडी गहाण. बिल निघतं १०,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी १,८०,०००, एकूण ११,८०,०००. त्यातून आयकराचा टीडीएस १ टक्का, १०,००० (प्रोप्रायटरीला १, कंपनी-भागीदारीला २ टक्के, फर्म न बदलण्याचं हेही एक छोटं कारण). करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटीचा टीडीएस २ टक्के, २०,०००. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, १०,०००. बिलातून ५ टक्के सुरक्षा ठेव, ५०,०००. खात्यात येतात १०,९०,०००. त्यातला १,८०,००० सरकारचा, आधी कापलेले २०,००० वजा जाऊन १,६०,००० भरायचे (रंगाच्या खरेदीवरचा इनपुट क्रेडिट मिळेल तेवढा कमी). हाती उरले ९,३०,०००, आणि ठेव परत येईल ती दोषदायित्व काळ (कामातले दोष फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर.

यात तीन ठिकाणी लोक ठेचकाळतात. पहिलं, निविदेतला दर जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, हे न वाचता टक्केवारी टाकणं. दर करासह असेल आणि तुम्ही वेगळा समजून १५ टक्के खाली गेलात, तर नफा सोडाच, मजुरीही घरातून जाईल. दुसरं, कापलेला जीएसटी टीडीएस आपोआप जमा होतो असं समजणं. पोर्टलवर ‘टीडीएस-टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्ड’मध्ये जाऊन तो स्वीकारावा लागतो, तेव्हाच रोख खतावणीत येतो. तिसरं, घाईने टॅक्स इन्व्हॉइस काढणं. उपयंत्रींनी (विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांनी) मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, नोंद घेऊन बिल पास व्हायच्या आधी इन्व्हॉइस काढलं तर कर लगेच देय होतो आणि बिल मात्र बजेटच्या प्रतीक्षेत पडून राहतं. आधी एमबी, मग बिल.

बिलं उशिरा निघतात, विशेषतः मार्चनंतर. म्हणून कामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम स्वतःची किंवा सीसी लिमिटमधली (बँकेच्या कॅश क्रेडिटमधली) मोकळी असल्याशिवाय ते काम घेऊ नका. १० लाखांच्या कामाला ५ लाख. सियागंजातल्या उधारीवर सरकारी काम ओढायचा विचार असेल तर तो सोडा, दुकानदार ६० दिवस थांबतो आणि बिल कधीकधी १६०.

तुमच्या धंद्यापुरत्या दोन गोष्टी. वॉटरप्रूफिंग सुटं घ्यायच्या आधी हमीचा कालावधी बघा. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या पद्धतीत वॉटरप्रूफिंगला १० वर्षांचं हमीपत्र असतं आणि त्या बाबींच्या रकमेच्या १० टक्के ठेव त्यासाठी रोखतात. खाजगी ग्राहकाला तोंडी पाच वर्षं सांगणं वेगळं आणि इथे सही करणं वेगळं. जुन्या शाळेच्या स्लॅबला तडे असतील तर साइट न पाहता दर टाकूच नका. रंगकामात कंपनी आणि प्रतीचा मंजूर ‘मेक’ निविदेत असतो, खरेदीची बिलं त्याच मेकची हवीत. रिकामे डबे काम संपेपर्यंत साइटवरच ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. किती रंग लागला हे अभियंते डब्यांवरूनच ताडतात, आणि डबे नसले की मोजमापावर शंका येते.

सुरुवात ५ ते १० लाखांच्या रंगकाम-दुरुस्तीच्या निविदांपासून करा, शक्यतो शहरातल्याच, जिथे तुमची माणसं रोज पोचतात. पहिले दोन महिने नुसत्या निविदा उतरवून वाचा आणि उघडल्यावर कोण किती टक्के खाली गेलं त्याची वहीत नोंद ठेवा, निकाल पोर्टलवर दिसतो. फार खाली जाऊन काम घेणाऱ्यांकडे बघून स्वतःचा दर पाडू नका. ठरावीक मर्यादेखालच्या दराला बऱ्याच ठिकाणी जादा सुरक्षा रक्कम मागतात, ती अटही निविदेत आधी शोधा. पहिलं काम थोड्याच नफ्यात झालं तरी चालेल, पण काम पूर्ण झाल्यावर कार्यपालन यंत्रींच्या (कार्यकारी अभियंत्यांच्या) सहीचा पूर्णत्वाचा दाखला महिन्याभरात हातात घ्या. अधिकारी बदलून गेले की तोच कागद मिळवायला सहा महिने जातात, आणि पुढच्या २० लाखांच्या निविदेला तोच लागणार असतो.

एजंटबद्दल शेवटचं. ३५ हजारांतलं उद्यम मोफत, जेमची नोंदणी मोफत आणि तुम्हाला नकोच, डिजिटल सही दोन-अडीच हजारांत येते. राहिलं लोकनिर्माण विभागाचं पंजीयन आणि एमपी टेंडर्सचं लॉगिन. त्यासाठी मदत हवी असेल तर कामागणिक मजुरी ठरवा, शासकीय शुल्क स्वतःच्या खात्यातून स्वतः भरा आणि पहिल्या दोन निविदा त्याला तुमच्या घरी, तुमच्या लॅपटॉपवर, धाकट्या भावाला शेजारी बसवून भरायला सांगा. याला तो तयार नसेल तर दुसरा बघा.